आधी कुणी नाही म्हणालंय का?

जुलैत दापोलीला मामांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तिथल्या डॉक्टरांनी ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात हलवा म्हणून सांगितलं आणि नेरूळला बसून फोनाफोनी करायचं काम माझ्याकडे आलं. पाऊस आणि रस्ते बघता हेलिकॉप्टरच आणू असं ठरलं.

कागदपत्रं फार नाहीत. तिथल्या डॉक्टरांचं फिट टू फ्लाय सर्टिफिकेट, इकडच्या हॉस्पिटलचं आयसीयूत बेड असल्याचं पत्र, पेशंटचं आणि सोबतच्या माणसाचं आधार, दोघांची वजनं, उतरायच्या मैदानासाठी प्रशासनाची परवानगी. आणि अर्थातच आगाऊ पैसे. दुपारपर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर जमलं. मग जुहूच्या हेलिकॉप्टर कंपनीकडून निरोप आला, पायलट नाही म्हणतायत.

मामेभाऊ भडकला. "ताई, दुसरीकडे लाव. पैसे टाकले की येतंच कुणीतरी."

दुसरीकडे लावला. तिथल्या गृहस्थांनी पहिलंच विचारलं, "आधी कुणी नाही म्हणालंय का?" भावाचा लगेच मेसेज, सांगू नकोस. मी सांगितलं. ते स्वतः जुने पायलट निघाले. म्हणाले, 2004 मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनात एका जखमीसाठी तीन हेलिकॉप्टरवाल्यांनी हवामान बघून माघार घेतली होती. चौथ्याला हे कुणी सांगितलंच नाही. तो आला, पेशंटला घेऊन उडाला आणि झाडांवर आदळला. पायलट, नर्स, पॅरामेडिक, पेशंट, चौघंही गेले.

मी मामांचं वय, त्यांची अवस्था सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं. "ते आमच्या डॉक्टरांना सांगा. पायलटला मी मुद्दाम काही सांगत नाही. त्याने फक्त आभाळ बघायचं." पेशंट कोण हे कळलं की माणूस नको तेवढा जोर लावतो, म्हणे. आणि डोळ्यांनी बघत उडणारा पायलट ढगात शिरला की वर-खाली काही कळत नाही. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात विमानाच्या नवख्या पायलटांवर चाचणी घेतली होती, त्यांचा ताबा सरासरी 178 सेकंदांत सुटला. तीन मिनिटंसुद्धा नाहीत!

थोड्या वेळाने त्यांचाही नकार आला. समुद्रावरून येता येईल, पण दापोली वर डोंगरात, ढग तिथेच टेकलेत, शिवाय सूर्यास्ताच्या आत परतायला हवं.

पहिल्या फोनबरोबरच मी व्हेंटिलेटरची अँब्युलन्स सांगून ठेवली होती. हे प्रत्येकाने करावंच. हेलिकॉप्टरचं नक्की होईपर्यंत रस्त्याची गाडी सोडू नये. ती लगेच निघाली, मंडणगड, माणगाव, पनवेल करत रात्री पोचली. ऑपरेशन त्याच रात्री झालं. मामा आता बोलतात, जरा अडखळत.

भावाचं अजून तेच, तिसऱ्याला विचारायला हवं होतं. तिसरा आलाही असता, मला भीती त्याचीच होती.

पहिल्या कंपनीने पैसे परत केले, पण बरेच कापून. पायलटने नकार दिला तर किती कापणार, हे पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्या.