शब्द द्यायचा की थांबायचं?

जत्रेच्या नाटकात नट गावचे, नटी बाहेरून आणलेली. तिला बहुतेक वेळा रंगीत तालीम तेवढी मिळते, म्हणून प्रॉम्प्टरचा, म्हणजे विंगेतून अडलेल्या नटाला शब्द देणाऱ्या माझा, जीव तिच्यात अडकलेला असतो. यंदा गोव्यात फोंडा तालुक्यात एका देवळापुढच्या मंडपात अडला तो मात्र आमचा कसलेला नट.

प्रसंग साधा. सुमनचं लग्न ठरलंय, ती मुंबईला निघालीय. लहानपणापासूनचा मित्र केशव तिच्या वळकटीला दोरी बांधतोय. गाठ आवळून त्यानं एवढंच म्हणायचं: ‘मी विचारलं असतं तर थांबली असतीस?’ संगीत नाटकात इथं पद आलं असतं आणि नट सुटला असता. गद्यात सगळा भार विरामावर.

माझ्या प्रतीत एक दांडी म्हणजे श्वासापुरता विराम, दोन म्हणजे मनात १ ते ४. इथं दोन होत्या. ४ झाले, ६ झाले. विसरलेला नट ओळखू येतो: नजर विंगेकडे सरकते, श्वास छातीत वर अडकतो, बोटं उगाच काहीतरी चाळवतात. मग वाक्याचे पहिले दोनच शब्द द्यायचे, खालच्या आवाजात. कुजबुजून कधीच नाही. कुजबुजीतले स आणि श वर टांगलेला माइक अचूक उचलतो आणि शब्द नटाआधी प्रेक्षकांना पोचतो. माइक पहिल्या विंगेपासून लांब टांगा, हे ध्वनिवाल्यांना सांगून थकलो. माना डोलावतात आणि टांगतात तिथंच.

याची बोटं गाठीवर स्थिर होती. पण मान खाली, नजर दिसेना. मी शब्द दिला नाही. तेवढ्यात नटीनं पुढचं वाक्य घेतलं, ‘गाडी चुकेल रे.’ त्याचं वाक्य गेलंच! तिनं सांभाळून घेतलं की तिला ते माहीतच नव्हतं, देव जाणे. पण एवढा विराम जत्रेत शिट्टीविना गेला, हे नवलच.

दिग्दर्शक भडकला: नाटकाचा गाभाच गाळला म्हणे. मला उलट वाटतं. त्याचं प्रेम प्रेक्षकांना पहिल्या अंकातच कळलेलं असतं. बघायचं असतं ते गिळणं. वाक्य आलं की ते संपतं. आमच्या दिग्दर्शकांना लिहिलेलं सगळं ऐकू यायला हवं असतं, त्याला इलाज नाही.

नटाला विचारलं, तर हसून मलाच म्हणतो, ‘तुवें उतर कित्याक दिलें ना?’ म्हणजे, तू शब्द का दिला नाहीस?

पुढचा प्रयोग फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात आहे. नटी दुसरी. ‘गाडी चुकेल’ केशवच्या वाक्यावर घ्यायचं की नुसत्या विरामावर, हे तिला आधी सांगावं लागेल, आणि आमचं तेच ठरत नाहीये.