दुसरी डिस्क: शीशमहल सुटला, कड अजून अडलेलीच

सुटला भावांनो, शीशमहल सुटला! कृष्णधवल 'मुघल-ए-आझम'च्या तीन व्हीसीडींच्या (व्हिडिओ सीडींच्या) संचातली दुसरी डिस्क, जिनं पावसाळाभर माझं डोकं खाल्लं, तिच्यावरचं शीशमहलातलं अख्खं गाणं आता स्वच्छ चालतंय. एक चौकोन फुटत नाही की आवाज कुठं किरकिरत नाही. गाण्याच्या पुढचा, म्हणजे डिस्कच्या पार कडेचा तुकडा मात्र अजून हट्टाला पेटलाय. त्याचंच हे रामायण.

मागच्या वेळी टाकलेले फोटो आठवत असतील. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचा माल, 2019 च्या महापुरात भिजलेला. मालक काकांनी पोतं पुढं सरकवलं आणि म्हणाले, "घिऊन जा की सगळं. मोबाइलवर फुकाट दिसतंय आता, तुला ह्याचा कसला नाद?" मोबाइलवर दिसतं ते हे नव्हे, हाच तो नाद. पहिली आणि तिसरी डिस्क सुखरूप निघाल्या. डबीच्या खाचांत पंचगंगेचा गाळ वाळून बसलेला, तो दाढीच्या जुन्या ब्रशनं काढला. दुसरीच्या छापील बाजूला मात्र कव्हरचा कागद चिकटून एकजीव झालेला.

या संचामागं का लागायचं, ते नवीन मंडळींसाठी थोडक्यात. 5 ऑगस्ट 1960 ला सिनेमा लागला तेव्हा तो बहुतेक कृष्णधवल होता. शीशमहलातलं गाणं आणि शेवटची काही रिळं तेवढी रंगीत. ती रिळं बघून के. आसिफना सगळा सिनेमाच पुन्हा रंगीत करायचा होता, पण वितरकांचा धीर सुटला होता. पुढं 12 नोव्हेंबर 2004 ला अख्खा सिनेमा संगणकावर रंगवून लावला, संगीत सहा ट्रॅकच्या डॉल्बीत नव्यानं बसवलं आणि 197 मिनिटांची लांबी 177 वर आली. यावर हमखास येणारा प्रश्न: आसिफनाच रंग हवा होता, मग बिघडलं कुठं? माझं म्हणणं असं की, आपण काय हवं होतं ते जमवत नाही, काय झालं ते जमवतो. राखाडी दरबाराला डोळे सरावलेले असताना एका कटला पडदाभर रंग फुटतो, आर. डी. माथुरांचा कॅमेरा बेल्जियमच्या काचांवरून फिरतो, हे 1960 च्या प्रेक्षकानं अनुभवलं. सगळंच रंगवल्यावर तो कट उरतो, पण त्यातला दणका जातो. मला तो दणका हवाय. आणि नेमका तो दुसऱ्या डिस्कवर आहे.

आता त्या कागदाचं. छापील बाजूचा कागद ओढायचा नसतो, हे इथं कितीदा तरी बोलून झालंय. सीडीत डेटा खालच्या बाजूला नसतोच. 1.2 मिलिमीटर पॉलिकार्बोनेट, त्याच्या वर अॅल्युमिनियमचा थर, त्यावर पातळ लॅकर आणि मग छपाई. म्हणजे डिस्कचा जीव छापील बाजूला, नखानं निघेल इतक्या वर. डिस्टिल्ड पाण्यात भिजवत ठेवून लगदा झाल्यावर कागद अलगद उतरवला, तरी पुराचं पाणी लॅकरखाली आधीच शिरलेलं, त्या जागी अॅल्युमिनियमही सोबत गेलं. ट्यूबलाइटसमोर धरली की मधल्या भागात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आणि कडेला नखाएवढ्या खिडक्या. आरपार ट्यूब दिसते! टूथपेस्ट घासा म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. टूथपेस्ट असो की ब्रासो, खालच्या बाजूचा ओरखडा फार तर कमी होतो. जे अॅल्युमिनियमच नाही त्याला कशाची पॉलिश लावता?

त्यात व्हीसीडीची स्वतःची खोड. सीडीवरचा डेटा सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत असतो. डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये 2048 बाइट माल आणि 276 बाइट दुरुस्तीचे असतात. व्हीसीडीचा व्हिडिओ 'मोड 2 फॉर्म 2'मध्ये, तिथं दुरुस्तीची ती जागाही मालाला दिलेली, 2324 बाइट. तासाला 2,70,000 सेक्टर बसतात, पण खालच्या थरातली नेहमीची दुरुस्ती हरली की पुढं वाली कुणी नाही. ड्राइव्ह वाचल्यासारखं करतो, चुकीचे बाइट हातात देतो आणि आपल्याला पडद्यावर चौकोन फुटल्यावर कळतं. एक सेक्टर म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, पण तो आय-फ्रेममध्ये (जिच्यात अख्खं चित्र साठवलेलं असतं अशा फ्रेममध्ये) पडला तर पुढची आय-फ्रेम येईस्तोवर, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद, चित्राचा चिखल होतो.

म्हणून पहिल्यापासून अडचण हीच होती की चांगला सेक्टर कुठला आणि वाईट कुठला, हे ओळखायचं कसं. प्लेक्स्टर आणि लाइटऑन अशा दोन्ही जुन्या ड्राइव्हवर 4x वेगानं पुन्हा पुन्हा रॉ (सेक्टर जसाच्या तसा उचलणारं) वाचन घेतलं, तर दोघांचं एकमत नाही. एकच ड्राइव्ह सकाळी एक सांगतो, रात्री दुसरं. बहुमत घेऊन बघितलं, पण तिथं चुकाच बहुमतात.

कोडं सुटलं ते शेवटच्या चार बाइटमुळं. फॉर्म 2 मध्ये सेक्टरच्या शेपटीला ईडीसी हा पडताळणीचा आकडा असतो, पण तो ऐच्छिक. बऱ्याच व्हीसीडींवर तिथं नुसती शून्यं, म्हणून मी तिकडं बघतही नव्हतो. सहज हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट सुटे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक सेक्टर उघडला, तर चारही बाइट भरलेले! दुसरा उघडला, भरलेले. ज्यानं कुणी हे मास्टरिंग केलं त्या माणसाला माझ्याकडून एक तांबडा-पांढरा. आता दुरुस्ती होत नसली तरी निवाडा होतो: ईडीसी जुळला तर सेक्टर खरा, नाहीतर खोटा. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक सेक्टरच्या डोक्यावर मिनिट-सेकंद-फ्रेमचा पत्ता असतोच. सगळ्या वाचनांतून त्या पत्त्याचा ईडीसी जुळणारा सेक्टर उचलायचा आणि एका बिन (.bin) फाइलमध्ये ओळीनं लावायचा. ठिपक्यांचा भाग त्यातच पुष्कळसा भरून निघाला. खिडक्या अर्थातच नाहीत.

खिडक्यांसाठी दुसरी प्रत हवी, आणि तीही त्याच मास्टरवरून निघालेली. इचलकरंजीहून एक आली. कव्हर तेच, डिस्कवरची छपाई तीच, मी खूश. मधल्या चकचकीत पट्टीवरचा मॅट्रिक्स क्रमांक (डिस्क कुठल्या मास्टरवरून निघाली त्याची खूण) बघितला तर निराळा. चालवून बघितली तर कोपऱ्यात कंपनीचा लोगो चित्रातच भाजलेला, व्हिडिओ नव्यानं एन्कोड केलेला, सेक्टरला सेक्टर जुळायचा प्रश्नच नाही. असले लोगो टाकणाऱ्यांनी जुन्या सिनेमांचं जे केलंय त्यावर बोलायला बसलो तर ही नोंद संपायची नाही. ती प्रत अदलाबदलीसाठी ठेवलीय, कुणाला हवी असेल तर सांगा.

मग मिरजेच्या मित्रानं आपला संच पाठवला. मॅट्रिक्स तंतोतंत तोच, फक्त मोल्ड कोड (साच्याचा क्रमांक) वेगळा. तो वेगळा असला तरी चालतं, कारण साचा बदलला तरी मास्टर एकच. ही डिस्क खालून भरपूर ओरबाडलेली, पण अॅल्युमिनियम शाबूत. माझ्या खिडक्या त्याच्या डिस्कवर धडधाकट, त्याचे ओरखडे माझ्या डिस्कवर स्वच्छ. स्क्रिप्टला दोन्हींची वाचनं दिली आणि खोट्या सेक्टरांचा आकडा धडाधड उतरत गेला. गाण्याचा एकूण एक सेक्टर ईडीसीला जुळला. तो कट मी फ्रेम-फ्रेमनं पुढं-मागं करून बघितला. आधीच्या फ्रेमला जुन्या टेपची हलकी जांभळट झाक आणि पुढच्या फ्रेमला अस्सल रंग. 352 बाय 288 च्या एवढ्याशा चित्रातही अंगावर आलं.

अजून एक छोटी गंमत. तिन्ही डिस्कची बेरीज 189 मिनिटांच्या आसपास भरते. कात्री लागली म्हणून घाबरू नका: सेकंदाला 24 फ्रेमचा सिनेमा पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 नं पळतो, चार टक्के वेळ तिथंच कमी होतो. 197 चे बरोबर 189. म्हणजे संच पूर्ण लांबीचा आहे, हे आता छातीठोकपणे सांगता येतं. जुने डबे चाळताना हे गणित मनात ठेवा. 177 वाली रंगीत आवृत्ती याच हिशेबानं 170 ला येते.

राहिली ती कड. शंभराच्या आत सेक्टर असे आहेत की माझ्याकडं खिडकी आणि मित्राकडं खोल ओरखडा, दोन्ही एकाच पत्त्यावर. ठरवलं होतं की मित्राच्या डिस्कला गुळगुळीत पॉलिश करून घ्यायची. लक्ष्मीपुरीत एक जण मशीनवर करून देतो म्हणाला. पण हे लिहिताना दुसरंच डोक्यात आलंय. ईडीसी चुकला म्हणजे अख्खा सेक्टर वाया गेला असं थोडंच आहे? एकाच सेक्टरच्या वेगवेगळ्या वाचनांत ज्या बाइटवर सगळे ड्राइव्ह सहमत आहेत त्या खऱ्या धरायच्या, वाद असलेल्या तेवढ्या बाइटची अदलाबदल करून कुठल्या जोडणीला ईडीसी जुळतो ते बघायचं. वादाच्या बाइट दहा-वीस असतील तर संगणक चहा होईस्तोवर उत्तर देईल. शेकड्यात असतील तर नाही, मग सी-टू पॉइंटर (ड्राइव्ह स्वतःच शंकास्पद बाइटवर मारतो त्या खुणा) घेऊन यादी आटोक्यात आणायची. तेव्हा पॉलिश तूर्त रद्द. दुसऱ्याच्या डिस्कवर मशीन फिरवायला तसाही जीव धजत नव्हता.

बाकीचं धावतं. 2007 ला रंगवून आलेल्या 'नया दौर'ची कृष्णधवल डीव्हीडी हाती आलीय, अजून उघडलेली नाही. 'स्टार वॉर्स'ची 2006 ची जोड-डिस्क कुणीतरी विचारली होती. मूळ थिएटर आवृत्ती हवी असेल तर घ्या, पण चित्र 1993 च्या लेझरडिस्कच्या मास्टरवरून आलेलं आणि अॅनामॉर्फिक (रुंद पडद्यासाठी पूर्ण रिझोल्यूशन वापरणारं) नाही, मोठ्या टीव्हीवर अपेक्षा ठेवू नका. ड्राइव्हचं म्हणाल तर ऑनलाइन मिळणारे पातळ यूएसबी ड्राइव्ह असल्या कामाला काडीच्या उपयोगाचे नाहीत. जुना पूर्ण आकाराचा ड्राइव्ह रद्दीवाल्याकडून उचला आणि साटा अडॅप्टर लावा.

आता कामाचं. ज्यांच्याकडं लोगो नसलेला, कृष्णधवल संच आहे त्यांनी दुसऱ्या डिस्कच्या मधल्या पट्टीचा फोटो पाठवा, उजेड तिरका पडू द्या म्हणजे मॅट्रिक्स वाचता येतो. जुळला तर डिस्क मागवून घेईन. जाण्यायेण्याचा टपालखर्च माझा, डिस्कला पॉलिश लागणार नाही, आणि परत येताना सोबत घरच्या कांदा-लसूण चटणीची बरणी येईल.