पानांवरच्या पांढऱ्या रेषा आणि त्यामागून आलेली माणसं

मला पतंग आवडतात, म्हणजे रात्री दिव्याभोवती येणारे मॉथ. फुलपाखरांच्या जाती साधारण १८ हजार, पतंगांच्या नोंदलेल्या जाती १ लाख ६० हजारांच्या घरात, तरी कौतुक सगळं फुलपाखरांच्या वाट्याला. ते मनाला लागायचं, म्हणून मी पतंगांचे फोटो ऑनलाइन टाकू लागले. रात्री पांढरी चादर ताणायची, तिच्यावर दिव्याचा उजेड सोडायचा, वाट बघायची. फोटो चांगले यायचे. लोक ‘सुंदर’ एवढं लिहून पुढे जायचे. मला गप्पा हव्या होत्या आणि त्या काही होत नव्हत्या.

पतंगांचं बालपणही दाखवावं म्हणून मध्येच एकदा लिंबाच्या पानाचा फोटो टाकला. पानावर चंदेरी, वेडीवाकडी रेघ आणि तिच्या मधोमध एक बारीक गडद ओळ. खाली लिहिलं, ‘ही नागअळीची वाट आहे. हिचा पतंग होईल तेव्हा पंख पसरूनही तो जेमतेम चार-पाच मिलिमीटर भरेल.’ देखणेपणात तो फोटो बाकीच्यांच्या जवळपासही नव्हता, पण त्याच्याखाली प्रश्नांची रांग लागली. ‘ताई, आमच्या टोमॅटोवर हेच आहे का?’ ‘हा रोग आहे की कीड?’ ‘पान तोडू की ठेवू?’ प्रत्येकाच्या कुंडीत, परसात, शेतात ती रेघ होती आणि ती काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी उत्तरं द्यायला बसले आणि लक्षात आलं, मला फक्त लिंबावरची अळी ठाऊक आहे. पान पोखरणारे कीटक अनेक कुळांतले असतात: पतंग, माश्या, काही भुंगेरे. सगळ्यांची युक्ती मात्र एक. पानाच्या वरच्या आणि खालच्या त्वचेच्या मधला गर खात आत राहायचं. बाहेर ऊन, वारा, पक्षी. आत अन्न आणि आडोसा. अळी वाढते तशी वाट रुंद होते, म्हणून रेघेचं अरुंद टोक म्हणजे अंडं घातल्याची जागा. तिथून बोट फिरवत रुंद टोकाला या, तिचं अख्खं बालपण वाचून होतं. मला आजही यात सगळ्यात जास्त आनंद मिळतो.

ओळख पटवायची रीत हळूहळू बसत गेली. फोटो पाठवणाऱ्याला मी आधी झाडाचं नाव विचारते, कारण यातल्या बऱ्याच जाती एखाद्याच झाडावर किंवा एखाद्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. मग पान उजेडासमोर धरून फोटो काढायला सांगते. उजेड आरपार आला की आतली अळी दिसते. पतंगाच्या अळीला बहुतेक वेळा वेगळं डोकं दिसतं, माशीच्या अळीला तसं डोकं नसतं. त्यानंतर विष्ठेची मांडणी. लिंबावरच्या नागअळीची विष्ठा मधोमध सलग ओळीत पडते. माशीच्या कित्येक जातींत ती आलटून पालटून दोन्ही कडांना पडते, कारण अळी कुशीवर पडून खाते आणि मध्येच कूस बदलते. शेवटी बाहेर पडण्याची जागा बघायची. माशीची अळी बऱ्याचदा पानाला चंद्रकोरीसारखी चीर पाडून खाली मातीत कोषात जाते. लिंबावरची नागअळी मात्र पानाची कड दुमडून तिथेच कोष करते. एवढं जुळवलं तरी नेमकी जात कितीदा कळत नाही. मग मी ‘माशी आहे, पुढचं सांगता येणार नाही’ असं स्पष्ट लिहिते. लोकांना ते चालतं.

फवारणीचा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्यावर माझं मत ठाम आहे. अळी पानाच्या आत असते, त्यामुळे नुसत्या वरवरच्या औषधाने तिचं फारसं काही होत नाही. मरतात त्या तिच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या. त्या गेल्या की नागअळी आणखी फोफावते. पान पोखरणाऱ्या माश्यांच्या बाबतीत हे वारंवार दिसलेलं आहे. मोठ्या, धडधाकट झाडाला थोड्या रेषांनी काही होत नाही. कुंडीतल्या कोवळ्या रोपाचं पान तोडावं किंवा वाटेच्या रुंद टोकाशी अळी चिमटीत दाबावी. शेतभर पसरली असेल तर जवळच्या कृषी तज्ज्ञाला दाखवा, असं मी सांगते. तो माझा प्रांत नाही.

मला वाटलं होतं बागकाम करणारेच येतील, पण इतरही आले. भरतकाम करणारी एक बाई रेषांचे नमुने उतरवून घेऊ लागली आणि कुठली रेघ कुठल्या पानाची हे माझ्याकडून तपासून घेऊ लागली. एक शिक्षिका मुलांना पानं उजेडासमोर धरायला लावते आणि त्यांचे प्रश्न मला पाठवते. ‘अळीला आत अंधार वाटतो का?’ या प्रश्नाने मला बराच काळ विचारात ठेवलं.

त्याच सुमारास २०१० साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन वाचनात आलं. सफरचंदाच्या पानात राहणाऱ्या एका पतंगाची अळी पान पिवळं पडत असतानाही स्वतःभोवतीचा तुकडा हिरवा राखते आणि त्यामागे तिच्या शरीरातल्या वोल्बाकिया या जीवाणूंचा हात असतो. प्रतिजैविक देऊन जीवाणू काढून टाकले, तर हिरवा तुकडा उरत नाही. हे लिहिल्यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या कुठल्याही देखण्या पतंगावर झाली नव्हती. जीवाश्मांचंही तसंच. सुमारे ९ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या पानांवर अशाच वाटा उमटलेल्या आहेत आणि त्यावरून त्या कुठल्या कुळातल्या पतंगांच्या, हे अभ्यासकांना ओळखता आलं.

पतंगांचे फोटो मी अजून काढते, पण माझा वेळ आता मुख्यतः पानांना जातो. अळी असलेलं पान डबीत, ओलसर कागदावर ठेवायचं, बुरशी धरू द्यायची नाही आणि आतून काय निघतं ते पाहायचं. पुष्कळदा अळीऐवजी तिला खाऊन मोठी झालेली गांधीलमाशी निघते, आणि तीही नोंद तितक्याच मोलाची. सध्या ओळख न पटलेल्या पानांचा एक ढीग माझ्याकडे साठला आहे. तुमच्या झाडावर अशी रेघ दिसली तर पान फेकण्याआधी झाडाचं नाव, पानाच्या दोन्ही बाजू आणि उजेडासमोरचा एक फोटो एवढं टिपून ठेवा. अळी निघून गेलेली असली तरी वाट वाचता येते.