आमची वाटचाल : किलोच्या भावाने न विकलेलं ओतकाम

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे सुटे भाग, मग शिरोलीत धातू वितळवायची स्वतःची इंडक्शन भट्टी. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या आरओ प्लँटमध्ये ताशी 100 घनमीटर पाणी 60 बारने मेम्ब्रेनवर ढकललं, की 40 गोडं निघतं. उरलेलं 60 खारं पाणी बाहेर पडतं तेव्हाही 58 बारच्या आसपास असतं. म्हणजे सुमारे 97 किलोवॅट. पेल्टन चाक, म्हणजे पाण्याच्या झोताने फिरणारं चाक, ही ताकद पंपाच्या शाफ्टला परत देतं. त्या चाकांच्या बादल्या, म्हणजे झोत झेलणाऱ्या कडेच्या वाट्या, आम्ही ओतायचो. पण चाकाची 85 टक्के आणि पंपाची 85 टक्के यांचा गुणाकार होतो, हाती 72 उरतात. सिरॅमिक रोटरचे प्रेशर एक्स्चेंजर पाण्याचा दाब थेट पाण्यालाच देतात, 95 टक्क्यांच्या पुढे. हायप्रेशर पंपही ताशी 100 ऐवजी 41 घनमीटरचा पुरतो. बादल्यांच्या ऑर्डरी आटल्या, भट्टी विकायची वेळ आली.

तेव्हा चेन्नईकडच्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने याच एक्स्चेंजरसोबत लागणाऱ्या, दाबाची तूट भरून काढणाऱ्या बूस्टर पंपाची केसिंग्ज (बाहेरची कवचं) दिली. हा पंप दाब चढवतो जेमतेम 3-4 बार, पण सक्शनलाच 55 च्या वर बार घेऊन बसतो. म्हणून इथे इंपेलरपेक्षा (आतल्या फिरत्या चाकापेक्षा) केसिंग आणि सीलची कसोटी.

माल सुपर डुप्लेक्स (खाऱ्या पाण्यात टिकणारं स्टेनलेस स्टील), 5ए ग्रेड. हीट ट्रीटमेंट 1120 अंशांच्या वर, आणि भट्टीचं दार उघडल्यापासून मिनिटाच्या आत जॉब पाण्यात. टाकीचं पाणी तापू द्यायचं नाही. वाटेत रेंगाळलं, की 900 च्या आसपास सिग्मा फेज (धातूतली नको असलेली ठिसूळ रचना) पडतो. धातू काचेसारखा ठिसूळ होतो, खारं पाणीही तिथूनच खातं. रायझर (ओतताना जॉबवर ठेवलेले जादा धातूचे खुंट) ट्रीटमेंटआधी घणाने पाडले, तर तडा ठरलेलाच.

आमच्याच पट्ट्यातल्या एकाने क्वेंच (तापलेला जॉब पाण्यात बुडवणं) टाळून किलोमागे भाव पाडला. स्पेक्ट्रोचा, म्हणजे कोणता घटक किती ते सांगणारा, रिपोर्ट अगदी चोख, कारण सिग्मा त्यात दिसतच नाही! म्हणून नव्या पोरांनो, खरेदीदारांनो, केमिस्ट्रीवर सही करू नका. फेराइट (या स्टीलमधल्या दोन रचनांपैकी एक) मोजा, त्याच हीटच्या (एकाच वेळी वितळवलेल्या धातूच्या) टेस्ट बारची उणे 46 अंशांवर चार्पी (ठोक्याने चिवटपणा पाहणारी चाचणी) घ्या, आणि भट्टीचा तापमानाचा चार्ट मागा.

त्याची केसिंग्ज हायड्रो टेस्टलाच (पाण्याच्या दाबाच्या चाचणीलाच) पाझरली, ऑर्डर आमच्याकडे आली. खरेदी विभाग मात्र अजून त्याचाच रेट आमच्यासमोर ठेवतो.