मे महिन्यातला सार पास आणि बर्फावर चालायची वेळ

सार पासला मे महिन्यात गेलं की कॅलेंडरवर उन्हाळा असते आणि वाटेवर हिवाळ्यातला बर्फ पडून असते. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात, पार्वती व्हॅलीत, कसोलच्या वरच्या डोंगरात हा पास, म्हणजे खिंड आहे, उंची सुमारे ४,२२० मीटर. जानेवारी ते मार्चमध्ये जो बर्फ पडते तो वरच्या भागात मे संपेपर्यंत तरी राहते, एखाद्या वर्षी जूनमधेही. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून तिकडं जाणारे लोक फार कमी, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कोणाला जावंसं वाटलं तर कामी येईल.

आम्ही चौघं होतो, मी, चुलतभाऊ, माझा भाचा आणि गावातले गुरुजी. निघालो तेव्हा इकडं पारा ४५ च्या आसपास, धानाच्या बांध्या भेगाळलेल्या आणि जंगलात तेंदूपत्त्याचा सीझन जोरात. आमच्याकडं पत्ता तोडायला बायामाणसं पहाटे अंधारातच निघतात, ऊन चढायच्या आत घरी परत, मग सावलीत बसून पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे पत्ता गोळा करतात तिथं, नेऊन मोजून द्यायचे. मे महिन्यात दहाच्या नंतर जंगलात राहायचं नाही हे आमच्याकडं लहान पोरालाही सांगावं लागत नाही. हे मुद्दाम लिहितो कारण वर बर्फात हीच सवय आम्हाला सगळ्यात जास्त कामी आली.

प्रॅक्टिस प्रतापगडच्या टेकडीवर केली, पाठीवरच्या सॅकमधे तांदूळ भरून, उजाडायच्या आधी वर आणि ऊन व्हायच्या आत खाली. गरम कपड्यांचा प्रश्न होता, कारण मे महिन्यात इकडच्या बाजारात स्वेटर कोण विकणार? पण गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासूनची, आणि तिथली बरीच मंडळी हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. त्यांच्याकडं उरलेला माल होता, टोप्या, हातमोजे, जाड मोजे सगळं मिळालं. ज्यांच्या घरून घेतलं त्या म्हाताऱ्या बाबांना बर्फावर चालायला जाऊन रायलो म्हणून सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "सकाळी चाला जी, एकदम सकाळी. सूर्य वर आला का बर्फ पाय गिळते." लहानपणी आईबापासोबत डोंगर ओलांडून आलेला माणूस तो, आणि आमच्याशी आमच्याच बोलीत बोलत होता. पुढं गाईडनं जे काही शिकवलं त्याचा अर्धा भाग या एका वाक्यात होता.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. गोंदियाहून छत्तीसगड एक्सप्रेसनं अंबाला, तिथून बसनं भुंतर आणि मग कसोल. लांबचा आणि दमवणारा प्रवास आहे, पण ट्रेनमधे झोप होते आणि पैसेही वाचतात.

कसोलहून पहिला मुक्काम ग्रहण गावात, साधारण २,३५० मीटरवर. वाट नाल्याच्या काठाकाठानं देवदारच्या जंगलातून जाते. गावातली जुनी घरं लाकूड आणि दगडाचे थर एकावर एक रचून बांधलेली, छपराला दगडी पाट्या. गुरुजी त्या घरांपुढं बराच वेळ उभे राहिले, भाच्याला एकेक जोड दाखवून समजावत होते. पुढं चढ वाढते, बुरांसची झाडं सुरू होतात, खालची लाल फुलं बहुतेक गळून गेली होती पण वरच्या झाडांवर गुलाबी-पांढरट फुलं भरून होती. इथंच पहिला बर्फ दिसला, आणि खरं सांगतो तो पांढरा नव्हता. जंगलाच्या सावलीत, घळीमधे मळकट ढीग पडलेले, त्यावर देवदारच्या सुया, माती, काटक्या. भाचा म्हणाला, "मामा, हा बर्फ होय?" गाईडनं समजावलं की मे महिन्यातला बर्फ असाच असते, महिनोन्‌महिने विरघळून परत गोठून त्याचे दाणे झालेले असतात, मिठासारखे जाडसर. आणि जिथं धूळ-माती जास्त बसते तिथला बर्फ ऊन जास्त ओढून घेते म्हणून लवकर वितळते. उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी लागते म्हणून तिकडं तो जास्त दिवस टिकते, दक्षिणेकडं वाट कोरडी असते. म्हणजे एकाच डोंगराला वळसा घातला तर एका बाजूला धूळ आणि दुसऱ्या बाजूला गुडघाभर बर्फ, हे आम्ही दोन-तीनदा पाहिलं.

माझ्या मते या ट्रेकवर घाबरायचं असलं तर उंचीपेक्षा नाल्यावरच्या बर्फाला घाबरावं. वरून सपाट रस्त्यासारखं दिसते आणि खालून पाणी धो-धो वाहत असते, ते पाणी बर्फाला खालून खात जाते, वर नुसती साल उरलेली असते. गाईड आधी काठी टोचून पाहायचा, कान लावून आवाज ऐकायचा, मग आम्हाला एकेक करून अंतर ठेवून सोडायचा. सगळे एकत्र कधीच नाही. मोठ्या दगडाजवळही तसंच, दगड उन्हानं तापते आणि त्याच्या कडेचा बर्फ आतून पोकळ होते, दगडाला टेकायला म्हणून गेलं की पाय मांडीपर्यंत आत. म्हणून दगडापासून दोन हात लांबूनच चालायचं. चढताना बुटाचा पुढचा भाग बर्फात मारून पायरी करायची आणि पुढच्याच्या पायरीतच पाय टाकायचा, उतरताना टाच आधी रोवायची, गुडघे थोडे वाकवून. चुलतभाऊ बैलजोडीवर वखर मारणारा माणूस, त्याला ही लय पहिल्याच दिवशी जमली, बाकीच्यांना वेळ लागला.

नगारूचा कॅम्प सुमारे ३,८०० मीटरवर आहे आणि तिथं वारा झोपू देत नाही. डोकं थोडं जड वाटते, जेवण जात नाही, पाणी मात्र पीत राहावं लागते, आणि डोकेदुखी वाढून उलट्या व्हायला लागल्या तर वर न जाता खाली उतरायचं, यात हट्ट कामाचा नाही. रात्री दोनच्या सुमारास उठवलं, तीनला चालायला सुरुवात, टॉर्चच्या उजेडात. इतक्या लवकर कशाला, तर रात्री आकाश मोकळं असलं की बर्फाची उष्णता वर निघून जाते, पृष्ठभाग गोठून टणक होते, आणि त्यावर माणूस रस्त्यावरून चालल्यासारखा चालते, पाय रुतत नाही. तोच बर्फ दहा-अकराला असा भुसभुशीत होते की पावलोपावली पाय काढायला दम लागते. उतार तोच, माणूस तोच, फक्त घड्याळ पुढं सरकलं. गुरुजी म्हणाले, "अरे ही तर तेंदूपत्त्याची वेळ आहे," आणि मला ते अगदी पटलं. आमच्याकडं ऊन माणसाला मारते म्हणून लवकर परतायचं, इथं ऊन वाट मारते म्हणून.

टणक बर्फाचं एक मात्र आहे, पहाटे तो काचेसारखा असते आणि तिरप्या उतारावर पाय घसरला तर थांबायला काही नाही. तिथं बुटाला खिळ्याच्या साखळ्या लावल्या, गाईड कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदत पुढं आणि आम्ही काठी डोंगराच्या बाजूला धरून मागं. कोणी बोलत नव्हतं. उजाडलं तेव्हा वर पोहोचलो, सगळीकडं बर्फाचे डोंगर, पहिलं ऊन शेंड्यांवर, भाचा रडायला लागला आणि त्याच्याकडं पाहून मलाही आवरलं नाही. आयुष्यभर इटियाडोहच्या पाण्यापलीकडच्या टेकड्या पाहून डोंगर म्हणजे काय ते ठरवलेल्या माणसाला हे पाहायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, मी तरी तशीच मानतो.

ऊन आलं की लगेच काळा चष्मा. हे टाळूच नका. उंचीवर दर १,००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते, म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही. आमची हनुवटीखालची कातडी आणि नाकाचा खालचा भाग सोलून निघाला, जिथं गावच्या उन्हात कधी काही होत नाही. डोळ्यांना तसं झालं तर एक-दोन दिवस उघडवत नाहीत.

पलीकडच्या बाजूला ती प्रसिद्ध घसरगुंडी. लोक याच्यासाठीच येतात, पण त्यालाही वेळ आहे. बर्फ फार कडक असला तर वेग आवरत नाही, फार मऊ झाला तर माणूस रुतून बसते, मधल्या तासा-दोन तासांतच मजा. साखळ्या काढायच्या, गाईड आधी खाली जाऊन दगड कुठं आहेत ते पाहते, मग एकेक जण बसून, टाचांनी ब्रेक मारत. गुरुजी सगळ्यात आधी गेले! आम्ही नऊच्या आत खाली होतो. मागून एक मोठा ग्रुप उशिरा आला, बिस्केरीच्या कुरणातून आम्ही चहा पिता पिता त्यांना पाहत होतो, मांडीपर्यंत रुतत, एकमेकाला ओढत येत होते, वाईट वाटत होतं पाहून. पोहोचल्यावर त्यांना गरम पाणी दिलं, दोघांचे मोजे पिळून वाळत टाकले.

कुरणात मेंढपाळ वर चालले होते. बर्फ जसजसा मागं सरकते तसतसं त्याच्या मागोमाग कोवळं गवत निघते आणि मेंढ्या त्या गवतामागं जातात. त्यांच्या वाटेवरून आम्ही खाली बरशैणीला उतरलो आणि जीपनं मणिकरणला.

मणिकरणच्या गुरुद्वाऱ्यात गरम पाण्याचे झरे आहेत आणि लंगरचं अन्न त्याच उकळत्या पाण्यात शिजते. लोक तांदळाच्या पुरचुंड्या बांधून दोरीनं कुंडात सोडतात. आम्ही झाडीपट्टीचे, धानाचे लोक, सॅकमधे घरचा तांदूळ थोडा शिल्लक होता, तो चुलतभावानं गमछ्यात बांधून सोडला. गुरुजी घड्याळ लावून बसले, भाचा दर मिनिटाला विचारत होता, "शिजला का जी?" शिजला, मोकळा मोकळा, आणि तो लंगरच्या डाळीसोबत आम्ही चौघांनी पोटभर खाल्ला.