ओबीएसवरून पहिले थेट प्रक्षेपण

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करायचे असेल, तर खात्यावर ती सोय आदल्या दिवशीच सुरू करून घ्यावी, कारण पहिल्या वेळी त्याला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. संगणकावरून असे प्रक्षेपण पाठवणारे ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘स्ट्रीम’ या भागात यूट्यूबने दिलेली स्ट्रीम की, म्हणजे आपल्या चॅनेलचा गुप्त संकेत, टाकायची. ही की ज्याच्या हाती लागेल तो आपल्या चॅनेलवर प्रक्षेपण करू शकतो, म्हणून ती पडद्यावर दिसू देऊ नये.

खरी मेख बिटरेटमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा पाठवायचा त्या आकड्यात, आहे. डाउनलोडचा वेग पाहून मी तो भरमसाट वाढवला, आणि ओबीएसच्या खालच्या पट्टीवर गळालेल्या फ्रेम्सचा, म्हणजे न पोहोचलेल्या चित्रांचा, आकडा भराभर चढू लागला, तेव्हा कुठे अपलोडचा वेग मोजायचे सुचले. आता मोजलेल्या वेगाच्या निम्म्यापलीकडे मी जात नाही. अडखळणाऱ्या १०८०पी चित्रापेक्षा स्थिर ७२०पी केव्हाही बरे, असे माझे मत आहे. कीफ्रेमचे, म्हणजे ज्यात संपूर्ण चित्र असते अशा फ्रेमचे, अंतर २ सेकंद ठेवावे.

ऑडिओ मिक्सरमधली पट्टी बोलताना पिवळ्या भागात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या दरम्यान, खेळत राहिली पाहिजे. पहिली चाचणी ‘अनलिस्टेड’, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल अशी, ठेवून दुसऱ्या फोनवर, हेडफोन लावून ऐकावी.