युद्धकाळातले घरचे फोटो: काम आता छातीवरच्या फितींपर्यंत

रत्नागिरी-रायगडकडच्या घरांतल्या १९४०च्या दशकातल्या फौजी फोटोंचे चेहरे घरचे ओळखतात. माणूस कुठल्या आघाडीवर होता, हे मात्र मेडलच्या फितीच सांगतात, म्हणून फोटो स्कॅन करताना त्या जागेवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा.

पूर्ण फोटो ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके), फितींचा भाग वेगळा १२०० डीपीआय, ४८-बिट कलर, टिफ फाइल; शार्पनिंग बंद. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करायचा. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर (चॅनेल) वेगळे पाहता येतात; दमट हवेने पडलेले पिवळे डाग ब्लू चॅनेलमध्ये गडद उठतात, रेडमध्ये जवळजवळ दिसेनासे होतात. फितींवरचे पट्टे रेडमध्ये वाचावेत.

गडद भागावर चंदेरी झाक असेल तर फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर ती जागा पांढुरकी येते. तिथे कॅमेराच हवा: ४५ अंशांत दोन दिवे, त्यांवर पोलरायझिंग शीट (चकाकी कापणारा फिल्टर), लेन्सवर तसाच पोलरायझर, झाक जाईपर्यंत तो फिरवायचा. बुरशी ओल्या कापसाने पुसू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच सुटून येतं. काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, काचेतूनच टिपावा.

आता फिती. इटलीत लढलेल्यांच्या ‘इटली स्टार’ या मेडलची सोपी: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. बर्माच्या आघाडीवरच्या ‘बर्मा स्टार’ला मध्ये रुंद लाल, दोन्हीकडे गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ. घोळ होतो तो ऑर्थोक्रोमॅटिक फिल्ममुळे. तिला लाल दिसत नाही, म्हणून लाल काळा येतो आणि निळा फिका. रंग भरणाऱ्या एआयला हे कळायला मार्ग नाही. त्याच्या रंगांवरून फीत ओळखूच नका. कुटुंबाचा फोटो असेल तर शेजारच्या बाईंचं कुंकू बघा. त्याच फिल्मवरचा तो खात्रीचा लाल! उजेड सारखा असेल आणि पट्टा कुंकवाइतकाच गडद असेल, तर तो लाल असण्याची शक्यता मोठी.

इटली आणि बर्मा स्टार मे १९४५ मध्ये जाहीर झाले. माणगाव तालुक्यातले नायक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्या लढायांत गेलेल्यांच्या फोटोत इटली स्टारची फीत असणारच नाही. तेव्हा फीत नाही म्हणून ‘ते इटलीत नव्हते’ असं घरच्यांना कधीही सांगू नका.

फिती डाव्या छातीवर लावतात. उजवीकडे दिसल्या तर निगेटिव्ह उलटी छापली आहे का, ते बटणपट्टीवरून तपासा.

निगेटिव्हचं काम पावसाळा सरून हवा कोरडी झाल्यावर. कृष्णधवल फिल्मवर स्कॅनरचं इन्फ्रारेड डस्ट रिमूव्हल (धूळ आपोआप पुसणारी सोय) चालत नाही, फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते. धूळ आधी ब्लोअरनेच काढावी लागेल.